विशेष वर्गाचं कपाट लावण्याची सोपी पद्धत

या मार्गदर्शिकेत पाच पायऱ्या आहेत. विशेष शिक्षणाची पदविका नुकतीच हातात पडलेल्या आणि पहिल्याच दिवशी वर्गाची किल्ली मिळालेल्या बाईंनी किंवा सरांनी त्या क्रमाने वाचाव्यात.

पायरी पहिली : कपाट उघडा

वर्गाची किल्ली म्हणजे कपाटाची किल्ली नव्हे. कपाटातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढलेली असते. वापरलं की तुटतं, तुटलं की निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो आणि प्रस्ताव केला की शेरा येतो. म्हणून मुलांचं सर्वांत सुस्थितीतलं साहित्य म्हणजे मुलांनी कधीच न पाहिलेलं साहित्य. आमच्या कपाटात काही खोकी अशी होती की त्यांच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदच काय तो जुना झाला होता.

तुमच्याकडे गुलाबी मनोरा असेल तर तो आधी मोजा. दहा लाकडी ठोकळे, थोरला दहा सेंटिमीटरचा, धाकटा एक सेंटिमीटरचा. धाकटा हरवलेला असतो. रजिस्टरात नोंद ‘मनोरा, नग १’ अशी असल्यामुळे उरलेले नऊ ठोकळे हा मनोरा धरावा की न धरावा, यावर आमच्याकडे दोन वर्षं पत्रव्यवहार झाला. शेवटी मनोरा निर्लेखित झाला. ठोकळे मात्र रोज रचले जातात.

जाता जाता सांगते, हे साहित्य मुळात आपल्याच मुलांचं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या आणि त्यासाठी त्यांनी सेग्विन या फ्रेंच डॉक्टरचे जुने ग्रंथ धुंडाळले होते. तेच ठोकळे आज शहरातल्या महागड्या बालवाड्यांत काचेमागे ठेवून प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवतात. आपल्याकडे ते कुलुपात असतात, एवढाच फरक.

पायरी दुसरी : लेबलं लावा

संगणकावर सुवाच्य अक्षरांत ‘सूक्ष्म कारक कौशल्ये’, ‘स्थूल कारक कौशल्ये’, ‘संवेदन विकास’ अशी लेबलं काढा. लॅमिनेट करा. एका रेषेत चिकटवा. चार पावलं मागे जाऊन पाहा. छान दिसतं. आता वर्गाकडे वळा आणि यातलं एक तरी लेबल वाचू शकतील असे किती जण आहेत ते मोजा.

लेबलं काढून टाका. मण्यांच्या डब्यावर एक मणी चिकटवा, बटणांच्या डब्यावर बटण, चिमट्यांच्या डब्याला चिमटा लावून ठेवा. काही मुलांना वस्तूच लागते, काहींना वस्तूचा फोटो पुरतो, काहींना रेघांचं चित्र, आणि एखाद्याला शब्द. एका वर्गात हे चारही असतात, म्हणून एका डब्यावर चारही गोष्टी येतात आणि डबा लग्नातल्या रुखवतासारखा दिसू लागतो. दिसू द्या. ज्या मुलाला हाताला येईल ते तोंडात घालायची सवय आहे, तो लेबलाचा मणीही सोडत नाही. तो वर्गात असेल तर मणी वरच्या कप्प्यात, त्याच्या हाताला नारळाएवढं काहीतरी.

पायरी तिसरी

ही पायरी सापडत नाही. कालपर्यंत इथेच होती. मावशींना विचारलं आहे.

पायरी चौथी : डबे जमवा

मागणीपत्र पाठवू नका. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे पालकांकडून मागवा. दिवाळीनंतर महिनाभर ओघ असतो. झाकणं मात्र नेहमी एकाने कमी भरतात. एका डब्यात एकच काम ठेवायचं, आणि त्या कामाला लागणारं सगळं त्यातच. ओवायचे मणी एका डब्यात आणि दोरी दुसऱ्यात असेल, तर मूल दोरी आणायला उठतं आणि थेट फाटकापाशी सापडतं. डबा मुलाच्या बोटांना उघडता आला पाहिजे. ज्याची पकड कच्ची आहे त्याच्यासाठी चित्रकोड्याच्या तुकड्यांवर दोऱ्याची रिकामी रिळं चिकटवा, आणि ताटली सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला.

वर्गीकरणासाठी रंगीत खणांचा परदेशी ट्रे मिळतो. आमच्याकडे एक मुलगा त्या ट्रेसमोर सहा महिने बसला आणि त्याने तो सहा महिने उलटा केला. अहवालात मी ‘वर्गीकरण जमत नाही’ असं सुवाच्य अक्षरांत लिहिलं. त्याची आई म्हणाली, “बाई, घरी तर सगळा शेंगदाणा हाच निवडतो. खवट दाणा मला कळत नाही, याला कळतो.” दुसऱ्या दिवशी तिने मसाल्याचा जुना डबा आणून दिला, सात वाट्यांचा. राजमा, चवळी, हरभरे, चिंचोके असं सगळं एकत्र करून त्याच्यापुढे ठेवलं. मधल्या सुट्टीच्या आत सात वाट्या भरल्या, आणि त्यातल्या एका वाटीत फक्त किडके हरभरे होते. ते मला निवडता आले नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन हेच केलं होतं. मी त्यावर परीक्षेत दहा गुणांचं उत्तरही लिहिलं होतं.

खोट्या नोटांचा डबा असेल तर तो तपासा. आमच्या डब्यात हजाराच्या नोटा होत्या. २०१६मध्ये त्या खऱ्या जगात रद्द झाल्या. शाळेने दोन हजाराच्या घेतल्या, तर २०२३मध्ये त्याही चलनातून मागे घ्यायला सुरुवात झाली. आता खरी नाणी वापरतो. सोळा वर्षांच्या मुलाला अस्वलाच्या पिल्लाचं कोडंही देऊ नका. त्याला मिशी फुटली आहे. त्याला नट-बोल्ट द्या.

पायरी पाचवी : डावीकडून उजवीकडे

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये १९७२पासून स्वमग्न मुलांसाठी ‘टीच’ नावाची पद्धत चालते. कामाचे डबे डावीकडे, ‘झालं’ची टोपली उजवीकडे. काम कोणतं, किती, संपलं हे कसं कळणार आणि मग पुढे काय, या चार प्रश्नांची उत्तरं मुलाला न विचारता मिळाली पाहिजेत. हेच चार प्रश्न मी एकदा कर्मचारी-बैठकीत विचारले होते. चहा आला.

बाहेर एका वेळी चार-पाचच डबे ठेवा, बाकीचे दर पंधरवड्याला बदला. तपासणीच्या दिवशी मात्र सगळेच मांडा, जुनी लॅमिनेट केलेली लेबलं परत लावा आणि मुलांना हात लावू देऊ नका.

ता. क.

तिसरी पायरी सापडली. सापशिडीच्या फाशांच्या डब्यात घडी करून ठेवली होती. ती अशी : कपाट लावायच्या आधी सगळं साहित्य सतरंजीवर ओता, आणि कोण काय उचलतं, कुठे नेऊन ठेवतं, ते आठवडाभर नुसतं पाहा.

डबा उपडा केला तेव्हा चिठ्ठीबरोबर चार फासे निघाले आणि पाचवा, ठिपके नसलेला. गुलाबी, एक सेंटिमीटरचा. ज्याने तो तिथे ठेवला, त्याने फाशांच्या मापाची वस्तू फाशांतच ठेवली होती. मनोरा निर्लेखित झालेला असल्यामुळे या ठोकळ्याची नोंद कुठे करायची, हे विचारणारं पत्र परवाच पाठवलं आहे. तोवर तो तिथेच आहे, फाशांच्या डब्यात.