उबाळखात्याचे यंत्रीसाहेब

मध्यप्रदेशाच्या शासकीय हिंदीत इंजिनियरला 'यंत्री' म्हणतात. महाराष्ट्रात जो अधीक्षक अभियंता असतो तो तिथे 'अधीक्षण यंत्री' होतो आणि कार्यकारी अभियंत्याचा 'कार्यपालन यंत्री' होतो. ही पदनामे निवृत्तीबरोबर संपत नाहीत, तर भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या बंगल्यांच्या फाटकांवर 'से. नि.' ही दोन अक्षरे पुढे लावून ती सुखाने नांदत असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली, तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर आणि नागपूर या तिन्ही ठिकाणांहून सरकारी दप्तरांबरोबर मराठी कारकून आणि अधिकारीही या शहरात आले. त्यांच्या नंतरच्या पिढीतले जे लोक सिंचन, बांधकाम किंवा पाणीपुरवठा या खात्यांतून निवृत्त होऊन ई-अक्षराच्या सेक्टरांत स्थिरावले, त्यांच्यातून घडलेला एक पोटवर्ग प्रस्तुत लेखाचा विषय आहे. घरात नातवंड आल्यावर त्याच्या दुधाच्या बाटल्या उकळण्याचे काम हा गृहस्थ स्वतःकडे घेतो आणि मग ते कोणालाही देत नाही. भोपाळच्या मराठीत उकळण्याला 'उबाळणे' म्हणतात आणि पातेल्याला 'भगोना', त्यामुळे अशा घरी या कामाचे नाव आपोआप 'उबाळखाते' पडते.

हे खाते केव्हा सुरू होते याला कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली असून त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. सून ज्या दिवशी बँकेत परत रुजू होते त्या दिवशी बाळ चार ते सहा महिन्यांचे असते आणि घरात बाटलीचा प्रवेश होतो. यंत्रीसाहेब तोवर दीड-दोन वर्षे निवृत्त असतात. या काळात त्यांनी गच्चीवरच्या टाकीची गळती स्वतः शोधलेली असते, वीजबिलांची दहा वर्षांची नस्ती लावून झालेली असते (नस्ती म्हणजे फाइल, हा शब्द भोपाळमध्ये सचिवालयापासून स्वयंपाकघरापर्यंत चालतो), आणि बिट्टन मार्केटातल्या भाजीच्या दरांवर त्यांच्या टिपा तयार असतात, त्या वाचणारा मात्र कोणी नसतो. अशा रिकाम्या काळात सहा बाटल्या, सहा निपल आणि एक भगोना त्यांच्यासमोर येतात, आणि त्यांना आपले खाते परत मिळते.

कार्यपद्धतीचा पहिला प्रश्न असतो मिनिटांचा. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र बाटल्या पाच मिनिटे उकळायला सांगते आणि ब्रिटनची आरोग्यसेवा निदान दहा. यंत्रीसाहेब यांतला मोठा आकडा घेतात, त्याला पूल बांधताना लावतात तसा दीडाचा सुरक्षा गुणांक लावतात आणि पंधरावर येतात. पुढे ते असे दाखवून देतात की भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने इथले पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच्या अंशालाच उकळते, सबब उंचीभत्ता म्हणून आणखी पाच मिनिटे मंजूर करण्यात यावीत. मंजुरी देणारेही तेच असल्याने एकूण वीस मिनिटे होतात. वास्तविक पिण्याचे पाणी उकळण्याचा वेळ उंचीमुळे वाढवण्याची शिफारस साधारण दोन हजार मीटरच्या वर लागू होते आणि अठ्ठ्याण्णव अंशांत तगून राहण्याइतके कणखर रोगजंतू बाटलीत सहसा नसतात. परंतु ही गोष्ट त्यांना सांगणाऱ्या जावयाला त्या दिवशी चहा एकट्यानेच प्यावा लागला, असा प्रवाद आहे.

बाटल्या पाण्यात पूर्ण बुडाल्या पाहिजेत आणि आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण जिथे हवा असते तिथे उकळते पाणी पोचत नाही, हा नियम ते अचूक पाळतात, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. सांडशीने बाटली तिरकी करून ते बुडबुडा बाहेर काढतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर धरणाचे दार उघडताना यावे तसे गांभीर्य येते. शहराचे पाणी बडा तालाब, कोलार धरण आणि नर्मदा यांपैकी कुठून आले असावे याचा अंदाज ते भगोन्याच्या तळाशी साचलेल्या पांढऱ्या थरावरून बांधतात. तो थर म्हणजे जड पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांचे उकळल्यावर होणारे कार्बोनेट असून ते लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघते. लिंबू मागताना ते 'खात्यासाठी' असे सांगतात, म्हणजे ते घरखर्चात धरले जात नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एक काम मात्र त्यांच्या नोंदवहीत कुठेच आढळत नाही, आणि ते म्हणजे बाटली धुणे. दुधातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने काचेला किंवा प्लॅस्टिकला पातळ थराने चिकटतात. हा थर ब्रशने घासून काढला नाही तर तो उकळीत शिजून आणखी पक्का बसतो आणि जंतूंना आडोसा देतो. म्हणून बाटली सुटी करून, निपल उलटे करून, त्याच्या भोकातून पाणी दाबून, आट्यांमधली साय काढून, साबणाच्या गरम पाण्याने घासणे हाच या प्रक्रियेचा गाभा आहे, आणि उकळणे हा त्यावरचा शेवटचा हात आहे. हा गाभा आजी किंवा भांडी घासणारी बाई सकाळी साडेसातला उरकतात. नऊला यंत्रीसाहेब स्वच्छ बाटल्या मोजून ताब्यात घेतात आणि मोबाइलवर वीस मिनिटे लावतात. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापणारा आणि खडी फोडणारा हे दोघे नेहमीच वेगळे राहिले आहेत. उबाळखातेही याला अपवाद नाही. संध्याकाळी सुनेने "बाबा, बाटल्या झाल्या?" असे विचारले की "हो, मी केल्या" हे उत्तर मिळते, आणि ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडणारी आजी तेव्हा काही बोलत नाही.

आजींचा या शास्त्राशी संबंध यापेक्षा जुना आहे. त्यांच्या माहेरून बारशाला आलेले चांदीचे बोंडले, म्हणजे लहान मुलाच्या तोंडात दूध सोडण्यासाठी चोच असलेले छोटे भांडे, अजून देवघराच्या खणात आहे. ग्वाल्हेरात त्यांची मुले त्या बोंडल्यावर आणि वाटीचमच्यावर वाढली. बोंडल्याची चोच अरुंद असल्याने ते आतून घासता येत नाही हा यंत्रीसाहेबांचा आक्षेप बरोबर आहे. परंतु वाटीचमच्याला तो लागू पडत नाही, कारण वाटी सगळीकडून उघडी असते आणि तिचा कोपरान् कोपरा दिसतो. याच कारणासाठी बाळाला वरचे दूध द्यायची वेळ आलीच तर बाटलीपेक्षा वाटीचमचा बरा असे बालरोगतज्ज्ञ आजही सांगतात. बाटलीचा विलायती इतिहास तर फारच लाजिरवाणा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या घरोघरी होत्या, त्या नळीत कुजलेल्या दुधापायी इतकी बाळे दगावली की त्यांना पुढे 'खुनी बाटल्या' हे नाव पडले. बाळाच्या दुधाला उष्णता देऊन ते सुरक्षित करण्याची सूचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी १८८६ साली केली. आजींना सॉक्सलेट ठाऊक नाही, पण दूध नासू नये म्हणून ते दोनदा तापवायचे हे त्यांना सासूकडून कळले होते.

सकाळच्या फेरीत एकांत पार्कात या वर्गाचे तीन-चार प्रतिनिधी एकत्र येतात आणि त्या उद्यानाचे नाव निरर्थक करून टाकतात. एक जण वाफेच्या यंत्राचा पुरस्कर्ता असतो. दुसरा सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे क्लोरीनयुक्त द्रावाच्या, थंड पाण्यात अर्धा तास बाटल्या बुडवण्याच्या पद्धतीचा, आणि तो पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला असल्याने त्याच्या निष्ठेचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. हा द्राव दर चोवीस तासांनी बदलावा लागतो, यावर उकळणीवाले हसून घेतात. मग परदेशातल्या मुलीचा विषय निघतो. तिने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधनाची बातमी पाठवलेली असते. गरम पाण्याने पॉलिप्रॉपिलीनच्या काही बाटल्यांतून लिटरमागे दीड कोटीहून अधिक सूक्ष्म प्लॅस्टिककण सुटतात, असे त्यात आढळले होते. ती बातमी वाचल्यावर यंत्रीसाहेब दोन दिवस अस्वस्थ असतात, तिसऱ्या दिवशी दहा नंबर मार्केटातून काचेच्या बाटल्या आणतात, आणि त्यातली एक पाचव्या दिवशी सांडशीतून निसटून फुटते. या घटनेची नोंद 'सामग्री दोष' अशी होते.

बाटलीचे जंतू मारणे आणि बाटलीत जाणाऱ्या पदार्थाचे जंतू मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पार्कात कोणी काढत नाही. डब्यातली दूधभुकटी निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेने ती निदान सत्तर अंशांच्या पाण्यात कालवून मग पाजण्याजोगी निववावी असे सांगितले आहे. यंत्रीसाहेब वीस मिनिटे उकळलेल्या बाटलीत कोमट पाणी ओततात, मनगटावर थेंब टाकून पाहतात आणि समाधानाने भुकटी घालतात.

उबाळखात्याची खरी प्रकृती ध्यानात यायची असेल तर सोवळ्याकडे पाहावे लागते. सोवळे म्हणजे पूजा किंवा स्वयंपाक करताना पाळायची, स्पर्शाने मोडणारी शुद्धता. ती यंत्रीसाहेबांच्या वडिलांच्या पिढीत होती, त्यांनी स्वतः तरुणपणी वाद घालून सोडली, आणि आता ती जाळीच्या घडवंचीवर उलट्या टांगलेल्या सहा बाटल्यांच्या रूपाने घरात परत आली आहे. घडवंचीला हात लावायचा नाही, तिच्यावरून वारा येणारी खिडकी उघडायची नाही, बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय ओट्याजवळ उभे राहायचे नाही. बाटल्या फडक्याने न पुसता हवेवर वाळू द्याव्यात हा यातला एकच नियम शास्त्राला धरून आहे, आणि नेमका तोच मोडतो. कारण रडणाऱ्या बाळाला घेऊन आजी आत येतात, एक ओली बाटली उचलतात, पदराने आतबाहेर पुसतात आणि दूध भरतात. यंत्रीसाहेब "अगं, अगं" म्हणेपर्यंत अर्धी बाटली संपलेली असते. पुढे बाळ रांगू लागले की ते त्यांच्या स्कूटरची किल्ली चोखते, आणि ती किल्ली दुसऱ्या दिवशी भगोन्यात दिसते.

अरेरा कॉलोनीत अशा घरी जाणाऱ्या पाहुण्याने सकाळी नऊ ते साडेनऊ या वेळात जाऊ नये. जाणे भागच पडले तर घंटी एकदाच वाजवावी, कारण मध्येच उठावे लागले की यंत्रीसाहेब मिनिटे पुन्हा शून्यापासून मोजतात. आणि चहाची आशा धरू नये, कारण मोठ्या शेगडीवर भगोना असतो.