राहूद्याकाका

जालन्यात भंगाराला मान आहे. ट्रकच्या ट्रक भंगार इथल्या औद्योगिक वसाहतीत येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. मोडीत काढल्याशिवाय नवं होत नाही, हे या गावाला कुणी शिकवायला नको. नेमके त्याच गावात राहूद्याकाका राहतात.

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एकटे नाहीत. चार माणसं मिळून मुक्त सॉफ्टवेअर लिहायला बसली की पाचवा हा असतोच. आमच्या वाट्याला आलेला नग लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो आणि लग्नसराई ओसरली की आमच्या प्रकल्पात लक्ष घालतो. प्रकल्प लहानसाच. जुन्या मराठी फॉन्टांत टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कृतिदेवातली पत्रिका, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं नांदायला येतात, हे ज्याने भोगलंय त्याला आमच्या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. डीटीपीच्या दुकानांत ती कधी पोचली, हा नाजूक विषय आहे.

वाद लागला तो एका जुन्या फॉन्टच्या तक्त्यावरून. कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर करायचं, ते सांगणारा हा तक्ता आणि त्याच्याभोवतीचा कोड पायथन २ च्या काळातला. कुणी हात लावला की दुसरंच काहीतरी मोडायचं. "काढू या का?" एवढंच कुणीतरी विचारलं.

"राहू द्या," काका म्हणाले. "कामून काढता? भाकर मागतोय का तो?"

भाकर मागत नव्हता, पण प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी दोन रविवार खात होता. काकांना हे सांगून उपयोग नसतो. त्यांच्याकडे हुकमी एक्का आहे : जाफराबादचा माणूस. जाफराबादला म्हणे एक गृहस्थ आहेत, ते आजही हाच फॉन्ट वापरतात. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, त्यांनी कधी तक्रार नोंदवलेली नाही. "तो बोलणारा माणूसच न्हाई," हे काकांचं त्यावरचं स्पष्टीकरण. म्हणजे तक्रार आली तर तो आहे हे सिद्ध, आणि नाही आली तर तो सोशिक आहे हे सिद्ध. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते असो, चर्चेत याला उत्तर नसतं.

काका स्वतः कधीच काही खोडत नाहीत. ओळीच्या आधी खूण टाकून ती निजवतात आणि शेजारी लिहितात, 'तात्पुरते बंद. दिवाळीनंतर पाहू.' कोणती दिवाळी, याचा उल्लेख नसतो. काढलेला कोडही गिटच्या इतिहासात शाबूत राहतो, हवा तेव्हा परत आणता येतो, असं त्यांना एकदा समजावून पाहिलं. ते म्हणाले, "घागर विहिरीत पडली तर ती हरवली न्हाई, हे खरं. पर पाणी कशानं भरायचं?"

समोरच्या बाजूला हिंजवडीचा एक तरुण. त्याला आम्ही काढूनटाक्या म्हणतो. वजाचिन्हाच्या लाल ओळी दिसल्या की त्याचा चेहरा खुलतो. त्याने लिनसचा दाखला दिला. १९९१ मध्ये ज्या ३८६ जातीच्या यंत्रावर लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं, त्याच ३८६ चा आधार २०१२ च्या डिसेंबरात त्याने स्वतः काढू दिला, आणि आपण हळवे नाही असंही वर सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पायथनचा दाखला काढला. पायथन २ चा निरोप आधी २०१५ साली ठरला होता, तो लांबवून १ जानेवारी २०२० वर नेला. "येवढ्या मोठ्या लोकांनी पाच वर्सं वाढवून दिली, तुमाला पाच महिने जड झाले?"

याला मात्र आम्ही निरुत्तर झालो. खरं सांगायचं तर काकांचं सगळंच चूक नसतं. फ्लॉपीचंच घ्या. २०१९ मध्ये लिनक्समधला फ्लॉपीचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने सांगितलं, की आपल्याकडे आता चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरलेला नाही. काढूनटाक्याने तो त्याच दुपारी पुसला असता. तिथे पुसला नाही, कारण आभासी संगणकांत फ्लॉपीचं सोंग अजून वठवलं जात होतं. तिथे कोणता भाग कोण सांभाळतो याची एक यादी असते, तीत त्याच्यापुढे फक्त 'अनाथ' अशी नोंद झाली. नंतर एकाने पुढे येऊन तो दत्तक घेतला. आमच्या तरुणाला हे ठाऊक नव्हतं. न वापरलेलं आणि आपण वापरत नसलेलं, यातला फरक हिंजवडीत चटकन कळत नाही.

पण या गोष्टीतला दत्तक घेणारा माणूस काका सोयीस्करपणे विसरतात. राहू द्या म्हणायला एक वाक्य लागतं, आणि ते राहतं ते दुसऱ्याच्या रविवारांवर. म्हणून आम्हीही यादी केली. तक्ता राहील, त्याच्यापुढे सांभाळणारा म्हणून काकांचं नाव राहील. मोडला तर त्यांनी जोडायचा, तपासणी त्यांनी लिहायची. एवढं कळवलं आणि गटात पहिल्यांदाच शांतता पसरली. दोन दिवसांनी उत्तर आलं : "सध्या पत्रिकांची लई घाई हाय. दिवाळीनंतर पाहू."

तक्ता पुढच्या आवृत्तीतून वगळला आहे. जाफराबादचे ते गृहस्थ हे वाचत असतील, तर त्यांनी कृपया एकदा आम्हाला कळवावं. परत घालू.