जुन्या पिकअपचं हलतं स्टिअरिंग

जुन्या पिकअपचं स्टिअरिंग हलतंय म्हटलं की गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: ‘गाडी जुनी आहे, एवढं चालायचंच.’ मला या वाक्याचा मनापासून राग येतो. ढिला बोल्ट आवळला की घट्ट होतो, मग गाडी कुठल्या का सालची असेना.

आमची पिकअप नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेते. लोड भरून माळशेज उतरताना ड्रायव्हर ब्रेक दाबतो, त्याचा भार हातांवर येतो आणि अख्खा कॉलम बोटभर खाली बसतो. डॅशबोर्डखाली ‘टक्’ आवाज होतो. पुढे वळण असतं आणि हातातली वस्तूच जागेवर नसते. याला चालायचंच म्हणणाऱ्याने एकदा त्या सीटवर बसावं.

तक्रार सांगितली की गाडी आधी अलाइनमेंटला जाते. मग टाय रॉड एंड बदलतात. बिल वाढतं, कॉलम तसाच हलतो, कारण सगळे गाडीच्या खालूनच बघतात. कॉलमला धरून ठेवणारं ब्रॅकेट असतं डॅशबोर्डखाली. तिथे पोचायला पेडलपाशी डोकं घालून उताणं झोपावं लागतं. मजुरी थोडी आणि मान अवघडते, म्हणून तिकडे कुणी जात नाही.

खरं तर दोष ओळखणं अवघड नाही. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग वर-खाली ओढा. कॉलमच हलला तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले आहेत किंवा बुश झिजला आहे. कॉलम घट्ट आहे, पण स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाक हलत नाही, तर तो प्ले. तो क्रॉसमध्ये, स्टिअरिंग बॉक्समध्ये किंवा एंडमध्ये असतो. एकाने स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने एकेक सांधा हाताने धरून बघायचा. झिजलेला सांधा बोटांना लगेच कळतो.

हे न करता काय करतात? कॉलमभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. आठवडाभरात ती चुरगळते. नाहीतर बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळतात. तो जास्त आवळला की स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपसूक सरळ येत नाही आणि बॉक्स आतून झिजतो. कुणी सरळ वेल्डिंग मारतं. पुढच्या वेळी बुश बदलायला तेच कापावं लागतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 98 प्रमाणे स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढा. सांध्यांचे बोल्ट आणि पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, हेही त्याच नियमात आहे. तो प्ले मोजून बघणारा गॅरेजवाला मला अजून भेटलेला नाही.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. त्याच्या आधी पिकअपमालकांनी एवढं कराच: अलाइनमेंटचे पैसे देण्यापूर्वी डॅशबोर्डखालचे बोल्ट समोर उभं राहून आवळून घ्या, जुने लॉकनट फेकून नवे लावा, स्प्रिंग वॉशर परत बसवला का ते बघा. आणि कॉलम हलत असेल तर लोड भरून गाडी घाटात घालू नका.