उमरगा हद्दीतील सायकलस्वारांस दृश्यमानतेविषयी सूचना

ज्या इसमास सूर्यास्तानंतर उमरगा शहराच्या हद्दीतून अथवा हद्दीलगत सायकलीवरून मार्गक्रमण करावयाचे असेल, त्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वी एक तत्त्व चित्ती दृढ धरले पाहिजे, ते असे की, रस्त्यावर त्याचे अस्तित्व गृहीत धरले जात नसून ते प्रत्येक वाहनासमोर त्यालाच, स्वतंत्रपणे व स्वखर्चाने, सिद्ध करावयाचे असते. सेवानिवृत्त मनुष्य नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला एकदा सादर करतो आणि वर्षभर निर्धास्त राहतो. सायकलस्वाराच्या दाखल्याची मुदत मात्र मागचा ट्रक पुढे निघून जाईपर्यंतच असते, आणि त्यामागून येणारा ट्रक पहिल्याने दिलेली मान्यता आपणांवर बंधनकारक मानीत नाही. या अव्याहत चालणाऱ्या कार्यवाहीत कसूर होऊ नये म्हणून पुढील सूचना लिहिल्या आहेत. वाहनचालकांसाठी वेगळ्या सूचना लिहिण्याचे योजिले नाही. त्यांनी समोर पाहावे एवढीच सूचना द्यावयाची असती, आणि एका वाक्यासाठी स्वतंत्र प्रकरण काढणे ग्रंथव्यवहारास शोभत नाही.

प्रथम रस्त्याचे ज्ञान करून घ्यावे. आपल्या गावातून जाणारा हा मार्ग पुण्याहून निघून सोलापूर व हैदराबाद या शहरांना स्पर्श करीत थेट मछलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत पोचतो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता आणि २०१० सालच्या पुनर्रचनेत त्यास ६५ हा क्रमांक मिळाला. नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा, तुरोरी अशी गावे ओलांडीत जाणाऱ्या चालकाच्या मनात एक तर सोलापूर असते किंवा हैदराबाद असते. मधले उमरगे हे त्याला ओलांडावयाचे अंतर वाटते. उलटपक्षी, वस्तीवरून दुधाची किटली घेऊन निघालेल्या, किंवा मजुरी आटोपून खुरपे कॅरियरला अडकवून परतणाऱ्या आपल्या माणसास हा आंतरराज्य मार्ग म्हणजे शेत आणि घर यांमधील पायवाटच होय. एकाच डांबरावर दोन भिन्न भूगोल नांदत असता त्यांची गाठ पडते ती बहुधा रात्रीच पडते. इतिहास पाहता, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून याच मार्गाने निजामाच्या मुलखात शिरले, पहाटे नळदुर्ग घेऊन दुपारी उमरग्यास पोचले, आणि रझाकारांचा प्रतिकार मोडून पुढे गेले. रणगाडे सोबत असतानाही ज्या सेनेने उमरगा दिवसाउजेडी गाठणे पसंत केले, तिचा कित्ता साध्या सायकलस्वाराने गिरवावयास हरकत नसावी. परंतु मजुरीची सुट्टी दिवस मावळल्यावाचून होत नाही, सबब हा उपाय केवळ नमूद करून सोडून देतो.

आता पोशाख. या विषयात आपले पूर्वज आपल्याहून पुष्कळ पुढे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पांढरे धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी अथवा पटका, आणि थंडीत खांद्यावर पांढऱ्या काठाची घोंगडी, अशा थाटात चाललेला मराठवाड्यातील वृद्ध शेतकरी हा कोणत्याही अभियंत्याच्या साहाय्यावाचून आपादमस्तक दृश्यमान झालेला होता. जुन्या सायकलींच्या मागच्या मडगार्डाचे टोकही पांढरे रंगविलेले असे आणि त्यावर तांबडी काच असे. त्याच शेतकऱ्याचा नातू आज काळी पँट, काळा टी-शर्ट, काळी बॅग आणि काळी सायकल अशा सर्वांगपरिपूर्ण वेषात, काळ्या रानामधून गेलेल्या काळ्या डांबरावर, अमावास्येस क्लासहून परततो. त्याला सौंदर्यदृष्टी नाही असे कोण म्हणेल? परंतु त्याने हिशेब एकदा करावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. चालकाच्या ध्यानी येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो, आणि मग गाडी थांबावयास जे अंतर लागते ते धरून एकूण सत्तर मीटरांच्या आसपास बेरीज होते, भरलेल्या ट्रकास त्याहून अधिक. डिपरच्या उजेडात काळ्या कपड्यांतील मनुष्य यापेक्षा बऱ्याच कमी अंतरावर दिसू लागतो. म्हणजे तो दिसतो हे खरे, परंतु त्या दिसण्याचा उपयोग उभयतांपैकी कोणासही होत नाही.

दिव्याविषयी सरकारने फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमाने, ज्याच्या नावातील मुंबई जाऊन आता महाराष्ट्र आला आहे, रस्त्यावरील वाहनांस किती दिवे, कोठे व कोणत्या वेळी असावेत याचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस व जिल्हा दंडाधिकाऱ्यांस दिला. आणि बिनदिव्याच्या सायकलीचा चालक पकडणे हे एके काळी शहरांतील हवालदारांचे मोठे आवडीचे काम होते, कारण त्यास पाठलाग करण्याचे श्रम फारसे पडत नसत. त्या काळी टायरवर घासणारा डायनॅमो असे, आणि त्याचा स्वभाव असा की, चढावर सायकल मंदावली म्हणजे दिवाही मंदावे आणि थांबली म्हणजे विझे. ज्या क्षणी स्वार सर्वांत असहाय्य, त्याच क्षणी तो अदृश्य. आताचा चार्जिंगचा दिवा त्याहून शहाणा आहे. पुढे पांढरा व मागे तांबडा असे दोन दिवे बसवावेत, आणि काटकसर करावयाचीच असेल तर पुढल्यात करावी, मागल्यात करू नये, कारण खड्डा आपणांस पुष्कळदा पाठ असतो, मागून येणारा मात्र कधीच पाठ नसतो.

परावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० साली गुणवत्तेचा स्वतंत्र आदेश काढला असल्याने नव्या सायकलीबरोबर ते मिळतात, आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मुले ते उखडून काढतात. जुन्या सायकलीस गाड्यांचे नंबर घालणाऱ्या दुकानातून रेडियमची पट्टी आणून लावावी. ती कोठे लावावी यात मात्र शास्त्र आहे. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखविले की, अंधारात माणसाच्या केवळ सांध्यांवर प्रकाशबिंदू लावले आणि तो चालू लागला, तर पाहणाऱ्यास ते बिंदू न वाटता तत्क्षणी मनुष्यच दिसतो. यावरून घोटे, गुडघे आणि पायडल यांवरची पट्टी छातीवरच्या पट्टीपेक्षा अधिक बोलकी ठरते. स्थिर चकाकणारी वस्तू मैलाचा दगडही असू शकते, परंतु वरखाली होणारे दोन ठिपके पाहून चालकास संशय येतो की हा जिवंत प्राणी असावा. आपणांस एवढाच संशय हवा आहे.

इतके केल्यावर स्वाराने समाधान मानू नये, कारण दिसणे आणि जागा मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत. या विषयाचा सखोल अभ्यास इंग्लंडातील बाथ विद्यापीठात असताना इयन वॉकर यांनी केला. या गृहस्थांनी २००६ च्या सुमारास आपल्या सायकलीस अंतर मोजण्याचे यंत्र बसविले, आणि दोन हजारांहून अधिक वाहने आपल्या किती निकटून जातात ते टिपले. त्यात असे आढळले की हेल्मेट घातले असता वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून जातात. काही अभ्यासकांनी त्याच आकड्यांवरून निराळे अनुमान काढले, तो वाद आपण त्यांच्यावर सोपवू. परंतु वॉकरांनी पुढे लांब केसांचा टोप घालून, पाठीमागून स्त्री दिसेल अशी तजवीज केली, तेव्हा वाहनांनी सुमारे १४ सेंटिमीटर अधिक जागा दिली. प्रयोग चालू असता त्यांना एक बस व एक ट्रक असे दोनदा धडकले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. विद्येसाठी एवढी किंमत मोजणारे प्राध्यापक हल्ली दुर्मिळ. उमरग्याच्या पुरुष मंडळींनी लागलीच गंगावन विकत घ्यावे असा याचा अर्थ नव्हे. लेखकाचे मत विचाराल तर हेल्मेट जरूर घालावे. ते आदळल्यावर डोके वाचविण्यासाठी आहे, जागा मागण्यासाठी नव्हे. तथापि बाजारातून परतताना पाठीवर लुगड्याचा पदर फडफडत राहील अशी कोणी व्यवस्था केली, तर शास्त्र त्याच्या विरुद्ध नाही.

त्याच विद्वानांनी सहकाऱ्यांसह पुढे आणखी एक प्रयोग केला. सात प्रकारचे पोशाख करून पाहिले: नवशिक्याचा, शर्यतपटूचा, भडक पिवळ्या जाकिटाचा, इत्यादी. निष्पन्न असे झाले की पोशाखाने चालकांच्या वर्तनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. अपवाद फक्त त्या जाकिटाचा, ज्यावर ‘पोलीस’ हा शब्द झळकत होता आणि चित्रण चालू असल्याची सूचना होती. शेकडा एक-दोन वाहने मात्र कोणताही पोशाख असो, हातभर अंतरावरूनच गेली. ज्या प्रांतात निजामाचे अव्वल तालुकदार आणि मोहतमीम या अधिकाऱ्यांच्या अंमलाच्या आठवणी वडीलधाऱ्यांनी अलीकडेपर्यंत सांगितल्या, तेथील माणसास हा निष्कर्ष ऐकून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मनुष्य दिसतो तो मनुष्य म्हणून दिसत नाही, अंमलदार म्हणून दिसतो. मात्र पोलिसाचा बनाव करणे हा गुन्हा असल्याने ही युक्ती येथे शिफारस म्हणून गणू नये.

गळीत हंगामात विशेष दक्षता बाळगावी. मुरूमकडील कारखान्यांची धुराडी पेटली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात. यांच्या मागे दिवा नसतो, आणि जेथे रेडियम असावयाचे तेथे वाढे लोंबत असतात. येथे सायकलस्वारास प्रथमच असा अनुभव येतो की रस्त्यावर आपल्याहूनही अदृश्य असे कोणी आहे, आणि त्या अभिमानाच्या भरात तो ट्रॉलीच्या मागे जाऊन आदळतो. उसाच्या ट्रॉलीस ओलांडताना तिच्या बाहेर झुकलेल्या मोळ्यांपासून दूर राहावे. समोरून कोणी अप्पर मारीत असेल तर डोळे दिपलेल्या त्या घटकेत उजवीकडे सरू नये. साईडपट्टी जेथे शाबूत असेल तेथे तिचा आश्रय करावा, जेथे ती वीतभर खाली गेली असेल तेथे हॉर्न ऐकून घाईने उतरण्याच्या भानगडीत पडू नये. पडणारा सायकलस्वार साईडपट्टीकडे न पडता रस्त्याकडेच पडतो, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते विसरत नाहीत.

एवढ्या सूचना पाळूनही ज्याचे दुर्दैव ओढवले, त्याच्यासाठी शेवटची कार्यवाही सांगणे प्राप्त आहे. फिर्यादीत ट्रकचालकाने वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालविल्याचे लिहिले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून त्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागते, मृत्यू आल्यास १०६ ही लागते. मग पंचनामा होतो. ज्या मनुष्याकडे जन्मभर कोणी निरखून पाहिले नाही, त्याच्याविषयी या दस्तऐवजात किती सूक्ष्म अवलोकन असते! सायकल एक, काळ्या रंगाची, जुनी वापरती, किंमत अंदाजे अमुक. पुढील चाक वाकलेले. कॅरियरला निळी दोरी. पायातील चप्पल एक, दुसरी पश्चिमेस नऊ फुटांवर. आणि चतुःसीमा अशी काटेकोर की पूर्वेस कोणाचे शेत व दक्षिणेस कोणती बाभूळ याविषयी पुढे वाद उद्भवू नये. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचे वकील मयताच्या सायकलीस दिवा नव्हता, सबब थोडा दोष त्याचाही, असे म्हणणे मांडण्याचा संभव असतो. यास्तव दिवा विकत घेताना पावती घ्यावी आणि ती खिशात न ठेवता घरी ठेवावी.

हे सर्व ट्रक सापडला तर. तो न सापडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ अन्वये मृताच्या वारसांस दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ते पंचवीस हजार व साडेबारा हजार होते. अर्ज तालुक्याच्या ठिकाणीच महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असून मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत. अट एवढीच की वाजवी प्रयत्न करूनही वाहनाची ओळख पटलेली नसावी. म्हणजे दहा चाकांचा, चोहोबाजूंनी रेडियम चिकटविलेला, टपावर दिव्यांची माळ व मागे कोणत्या तरी देवाचे नाव रंगविलेला तो ट्रक, उमरग्याच्या चौरस्त्यावरून तुरोरीकडे व तेथून कर्नाटकाच्या हद्दीत, कोणाच्याही दृष्टीस न पडता गेलेला असावा लागतो.