सीलबंद सूर

आयर्लंडातील लायट्रिम परगण्यात, मोहिल गावी, १ जानेवारी १९३४ रोजी फादर पीटर कॉन्फ्री यांच्या नेतृत्वाखाली जॅझच्या निषेधार्थ जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यात हे संगीत पाखंड ठरवून त्याच्या हकालपट्टीची मागणी झाली, आणि पुढल्याच वर्षी सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांना परवाना सक्तीचा करणारा कायदाही जारी केला. फादरांनी थोडा धीर धरावयास हवा होता. कारण आजचा डब्लिनचा जॅझरसिक नाचत तर नाहीच, पण ऐकतो किंवा कसे, याविषयीही सबळ पुरावा उपलब्ध होत नाही. तो खरेदी करतो, आणि खरेदीची रीतसर वर्दी मित्रमंडळास देतो.

लुई स्ट्युअर्ट हा वॉटरफर्डला जन्मलेला गिटारवादक खरोखरच असामान्य; त्याची १९७७ सालची ‘आउट ऑन हिज ओन’ ही तबकडी अलीकडे पुनश्च निघाली आहे. परंतु तिच्याविषयी विचारावे, तर हे रसिक गृहस्थ तबकडीचे वजन ग्रॅमांत सांगतात, वेष्टनाच्या पुठ्ठ्याची तारीफ करतात, आणि मूळ प्रत आपल्या दफ्तरी पूर्वीपासूनच दाखल असल्याचे विनयपूर्वक नमूद करतात. कॉर्कला १९७८ पासून दर ऑक्टोबरात जॅझ महोत्सव भरतो. तेथे जिवंत माणसे वाजवतात, हीच त्यांची मुख्य तक्रार.

नव्या तबकडीचे सील फोडून ती एकदा लावावी, असे मी सुचवले असता, त्याने तिचा भाव उतरतो, असे मला गंभीरपणे बजावण्यात आले.