वाळवंटातलं चर्च पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचं ग्रँड कॅन्यन एकदा उरकलं की ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये प्रश्न पडतो, आता पुढच्या शनिवारी काय? उत्तर : सान झेविअर देल बाक. टूसॉन शहराच्या दक्षिणेला, तोहोनो ओधाम या मूळ रहिवाशांच्या भूमीवर उभं असलेलं पांढरंशुभ्र मिशन चर्च. जाऊन-येऊन सहज चारशे किलोमीटर पडतात, म्हणून दशम्या, चटणी आणि माणशी चार लिटर पाणी घ्यावं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा जाणाऱ्यांनी हा लेख सोडून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सपाट रानात चर्च लांबूनच दिसू लागतं. दिसताक्षणी म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे : ‘अगदी आपल्या गोव्यासारखं!’ हे वाक्य आपण जगभर, जिथे जाऊ तिथे म्हणतो आणि बहुतेक ठिकाणी ते चुकतं. इथे मात्र ते चुकून बरोबर निघतं. हे चर्च ज्याच्या नावाचं आहे तो संत फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे, तोच. 1692 साली एउसेबिओ किनो नावाचा जेझुइट पाद्री घोड्यावरून या गावात आला आणि त्याने गावाला आपल्याच संघातल्या या संताचं नाव दिलं. पुढे 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं, फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री आले आणि आजची इमारत त्यांनी 1783 ते 1797 या काळात उभी केली. पैसे? सात हजार पेसो, एका पशुपालकाकडून उसने. तारण म्हणून पुढच्या हंगामांतला गहू. पीककर्जावर देऊळ बांधण्याची ही रीत आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

पैसे संपले की काय होतं तेही समोरच दिसतं. पश्चिमेच्या मनोऱ्याला घुमट आहे, पूर्वेच्या मनोऱ्याला नाही. कारणं अनेक सांगतात : बांधकाम पूर्ण झालं की कर लागायचा, कुणी वरून पडलं, वगैरे. ज्यांच्या सोसायटीचं काम बिल्डरने अर्धवट सोडलंय त्यांनी उगाच दंतकथांत शिरू नये.

आत गेल्यावर टोपी काढावी आणि कुठल्याही दाराला हात घालण्यापूर्वी ते दार आहे का ते पाहावं. इथला संगमरवर रंगवलेला आहे, फरशा रंगवलेल्या आहेत, एक खोटं दारही रंगवलेलं आहे. वाळवंटात संगमरवर कुठून आणणार? रंग होता, हात होता, भागवलं. मला हे खऱ्या संगमरवरापेक्षा जास्त आवडलं.

मग डावीकडच्या दालनात जावं. तिथे संत पांघरूण घेऊन आडवे आहेत. लाकडी मूर्ती. गोव्यात शवदर्शनाच्या सोहळ्यासाठी दहा वर्षं थांबावं लागतं, इथे रोज. पांघरुणावर टाचलेले धातूचे इवलेसे पाय, हात, डोळे दिसतील. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना याचा अर्थ विचारावा लागणार नाही. भाविक मूर्तीचं डोकं किंचित उचलतात. मनात पाप असेल तर ते उचलत नाही अशी समजूत. नवरा-बायकोने एकापाठोपाठ प्रयत्न करू नये. एकाला उचललं आणि दुसऱ्याला नाही, तर परतीचे दोनशे किलोमीटर फार लांब वाटतात.

फोटो काढताना एक लक्षात ठेवावं की शेजारच्या बाकावर डोळे मिटून बसलेली बाई देखाव्यासाठी बसवलेली नाही. हे ओधाम लोकांचं चालतं-बोलतं गावचर्च आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कित्येक वर्षं पाद्रीच नव्हता, तेव्हा गावकऱ्यांनी पूजेची भांडी घराघरांत सांभाळली आणि पाद्री आल्यावर परत आणून दिली. म्हणून कॅमेरा खाली.

आता बाहेरची निवडुंगांची बाग. इथे आपल्या मंडळींची खरी परीक्षा. सवयीने हात फांदीकडे जातो, ‘एक काडी नेऊन लावून बघू.’ ॲरिझोनात सग्वारोसारखं निवडुंग उपटणं किंवा तोडणं गुन्हा आहे. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-साठ वर्षं लागतात, तुमच्या बाल्कनीत काय दिवे लावणार? चोया या जातीच्या तर जवळूनही जाऊ नये. तिचा लवदार गोळा सदऱ्याला नुसता लागला तरी तुटून चिकटतो, आणि बोटाने काढायला जाल तर बोटाला. उपाय एकच : कंगवा. काट्यांमध्ये दात घालून झटक्यात उडवायचा. टक्कल असलेल्यांनीही इथे कंगवा बाळगावा.

फड्या निवडुंग मात्र नीट पाहून घ्यावं. आपल्या बांधावरचं ते हेच, अमेरिकेतूनच आलेलं. विसाव्या शतकात या चर्चच्या भिंतींना सिमेंट थापलं, पाणी आत अडकलं, भिंती कुजू लागल्या. मग सिमेंट खरवडून जुन्या रीतीने चुन्यात या निवडुंगाचा चिकट रस कालवून गिलावा केला. आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत. नंतर आपणही सिमेंट थापलं. खरवडायचं अजून बाकी आहे.

बाहेर ओधाम बायका मांडवाखाली तव्याएवढी फ्राय ब्रेड तळतात. दिसायला भटुरा. ‘आमचा भटुरा’ असं म्हणायचं नाही. मध घालून मागायची, रोख पैसे द्यायचे, उभ्याने खायची. दशम्या रात्री खाता येतील.

निघण्यापूर्वी दर्शनी भिंतीवर एकदा वर बघा. एका बाजूला मांजर कोरलंय, दुसऱ्या बाजूला उंदीर. मांजराने उंदीर धरला की जग बुडणार, असं इथे म्हणतात. उंदीर जागेवर असेल तर गाडी काढायला हरकत नाही.