वरचं २००, खालचं १२०

उच्च रक्तदाब मिळवायला काही करावं लागत नाही. वय, वारसा आणि स्वयंपाकघर मिळून ते काम परस्पर उरकतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीचा अंदाज आहे की देशात साडेएकतीस कोटी लोकांना तो आहे, म्हणजे मोठ्या माणसांत तिघांमागे एकाला तरी. तेव्हा नुसतं ‘मला बीपी आहे’ म्हणून कॉलर ताठ करू नका. खरं कसब ते चढतं ठेवण्यात आहे. मोजायला दोन मिनिटं लागतात, साधी गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते आणि बहुतेकांना ती दिवसातून एकदाच गिळायची असते. परिस्थिती इतकी प्रतिकूल असताना वर्षानुवर्षं १४०/९०च्या वर टिकून राहणं हे सोम्यागोम्याचं काम नाही.

तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना अशी निष्णात मंडळी मला रोज भेटतात. त्यांची विद्या नवशिक्यांपर्यंत पोचावी, एवढाच हेतू.

१. मोजू नका

‘मला काही होत नाही’ हे वाक्य पाठ करा. रक्तदाब बहुतेकांना खरोखरच काही होऊ देत नाही. तो डोळ्यांमागच्या रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर, हृदयाच्या डाव्या कप्प्यावर वर्षानुवर्षं मुकाट काम करत असतो. एवढ्या सोशिक पाहुण्याची चौकशी करून त्याला लाजवू नका.

त्याऐवजी लक्षणांवरून निदान करायला शिका. मान आखडली की बीपी वाढलं, चक्कर आली की बीपी लो झालं. दुसऱ्या प्रकारात ताबडतोब लिंबू-साखर-मिठाचं सरबत प्या. तेव्हा बीपी १८० असलं तरी बिघडत नाही, कारण तुम्ही मोजलेलंच नाही.

२. मोजायची वेळ आलीच तर

दवाखान्याचा जिना तडक चढा. आत येण्याआधी चहा घ्या, जमल्यास एक सिगारेटही. लघवीला लागली असेल तर तशीच दाबून धरा. पट्टा बांधला की बोलायला सुरुवात करा. जमिनीच्या वाटणीचा विषय उत्तम. पाय लोंबते ठेवा, हात अधांतरी.

योग्य पद्धत नेमकी याच्या उलट आहे: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकायची, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला आणि तोंड बंद. शेवटची अट आपल्याकडे कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही.

आम्ही डॉक्टरही यथाशक्ती हातभार लावतो. बाहेरची बाकं भरलेली असली की स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो आणि ‘जरासं जास्त आहे’ एवढं पुटपुटतो. हे ‘जरासं’ नीट जपून ठेवा. १७० असो की १९०, घरी जाऊन सांगायला ते पुरतं.

घरच्या मशीनवर मोजत असाल तर आवडता आकडा येईपर्यंत मोजा. १६८ आला तर सेल उतरलेत. १६२ आला तर पट्टा सैल होता. १४९ आला की मशीन दुरुस्त झालं. तोच वहीत लिहा आणि त्याखाली रेघ मारा.

३. आकड्याला कारण चिकटवा

वाढलेला आकडा कधीही एकटा सोडू नका. काल जागरण झालं होतं, घरात लग्न आहे, मुलाचा निकाल आहे, एसटी चुकली, तुमचा पांढरा कोट बघून छातीत धडधडलं. शेवटचं कारण खरंही असू शकतं. काहींचं बीपी फक्त दवाखान्यातच चढतं. ते ओळखण्यासाठी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायचं असतं. तेवढं सोडून बाकी सगळं करा.

सर्वांत टिकाऊ कारण म्हणजे ‘या वयात एवढं असायचंच’. या वाक्याला फार मोठी परंपरा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते आणि साहेबांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे, असं ते देशाला सांगत राहिले. मार्च १९४४मध्ये ब्रून नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी तो ३००/१९०वर पोचला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्या काळी हातात धड औषधंही नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तुमच्याकडे आहेत, आणि तरीही तुम्ही त्यांच्या मार्गाने निघालात, म्हणून तुमचं कौतुक जास्त. पुढे १९४८मध्ये अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावात हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासण्याचा अभ्यास सुरू झाला आणि ‘वयाप्रमाणे असायचंच’ हे म्हणणं शास्त्राने मोडीत काढलं. आपल्या कट्ट्यावर मात्र ते अजून चलनात आहे.

४. गोळी

इथे खरी परीक्षा आहे. सावकाश वाचा.

पहिला बचाव: सुरूच करू नका. ‘एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते’ असं म्हणा. हे म्हणताना नाकावरचा चष्मा सावरा. तो चाळिशीपासून रोज लावता, काढला की पेपर दिसत नाही, पण ‘चष्म्याची सवय लागली’ म्हणून तुम्ही तो कधी गटारात फेकला नाहीत, हे कोणाच्या लक्षात येता कामा नये.

दुसरा बचाव, आणि माझ्या मते हाच सर्वश्रेष्ठ: गोळी सुरू करा, महिनाभर इमानदारीने घ्या, बीपी १२८/८२ आलं की पेढे वाटा आणि बंद करा. ‘आता नॉर्मल आहे, मग कशाला?’ या प्रश्नाला भल्याभल्यांकडे पटकन उत्तर नसतं. गोळी घेतली म्हणून नॉर्मल आलं, हा विचार मनाला शिवू देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा १७४ आलं की ‘त्या डॉक्टरची गोळीच लागू पडली नाही’ म्हणत दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जाताना जुनी फाइल घरी विसरा. तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात करील आणि तुमची आणखी तीन महिन्यांची सोय होईल.

थोडं धाडस असेल त्यांनी एकाएकी बंद करावी. काही गोळ्या अशा आहेत की त्या अचानक थांबवल्या तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतं. तुमची गोळी त्यांतली आहे का, हे अर्थातच विचारू नका.

तिसरा बचाव धार्मिक आहे. उपवासाला गोळी चालत नाही. सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणी शनिवार आणि नवरात्राचे सलग नऊ दिवस एवढे धरले तरी वर्षाचा चांगला हिस्सा मोकळा होतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, उपवासाचा चिवडा हे सगळं चालतं. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोळी तेवढी उपवास मोडते. माझ्याकडच्या एक आजी नवरात्रात रोज दोनदा खिचडी खातात, वर ताकात मीठ घालून घेतात, आणि गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतात. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्यांचीही पूजा होत असावी.

चौथा बचाव शेजारधर्माचा. शेजारच्या काकांना ‘ती निळ्या पाकिटातली’ छान लागू पडली, तेव्हा तीच आणा. औषधाचं नाव विचारू नका, रंगावर भागवा. अॅम्लोडिपिनने पायांना सूज आली किंवा रामिप्रिलच्या जातीतल्या गोळीने कोरडा खोकला लागला, तर डॉक्टरला सांगितल्यास तो बदलून दुसरी देईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. त्यापेक्षा खोकल्यावर बाटलीभर सिरप प्या, सुजेवर तेल चोळा. गुडघे दुखत असतील तर मेडिकलवाल्याकडून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन महिना-महिना खात राहा. या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडांनाही सोडत नाहीत. एका दगडात इतके पक्षी दुसरीकडे मिळणार नाहीत.

५. मीठ

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि त्यात आमटी, भाजी, पोळी, पाव, फरसाण सगळं आलं. तुम्ही फक्त एवढं म्हणा: ‘मी वरून मीठ घेत नाही.’ पानाच्या डाव्या बाजूला काय असतं, त्याचा उल्लेख टाळा. लोणच्याची फोड, शेंगदाण्याची चटणी, तळलेला पापड, सांडगी मिरची. पापडात मीठ असतं आणि शिवाय पापडखार, त्यातही सोडियमच. रात्री खारे दाणे.

आरोग्याची फारच काळजी वाटली तर सैंधव वापरा आणि ‘ते नैसर्गिक आहे’ म्हणून दुप्पट घाला. सैंधवातही बहुतांश तेच सोडियम क्लोराइड असतं. फक्त रंग गुलाबी आणि भाव जास्त.

६. आत्मविकास

औषधापेक्षा माणूस मोठा, म्हणून आधी स्वतःला घडवा. ‘माझं बीपी टेन्शनचं आहे’ असं एकदा जाहीर करा, म्हणजे टेन्शन संपेपर्यंत गोळी पुढे ढकलता येते. टेन्शन संपत नसतं, त्यामुळे मुदत आपोआप वाढते. मग रविवारच्या शिबिरात नाव घाला. पहाटे पाचला उठा, झोप साडेचार तासांवर आणा, आरशात बघून स्वतःला ‘मी निरोगी आहे’ म्हणा. चालणं, वजन उतरवणं, दारू कमी करणं, प्राणायाम यांनी बीपी थोडं खरोखर उतरतं. म्हणून त्यांपैकी फक्त शेवटचं निवडा, तेही बसल्या जागी दहा मिनिटं, आणि त्याच्या बदल्यात गोळी सोडा. दोन्ही बरोबर करायची युक्ती कोणी सुचवली तर त्याला नकारात्मक माणूस समजा.

‘इंग्रजी औषध नको, आपलं झाडपाल्याचं बरं’ हेही उन्नत मनाचं लक्षण आहे. फक्त एक इतिहास चर्चेत येऊ देऊ नका. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि बीपीच्या सुरुवातीच्या गोळ्यांत ते जगभर गेलं. म्हणजे आपला झाडपाला मोजून, तोलून, नोंदी ठेवून, दुष्परिणामांसकट गोळीत बसवता येतो, हे आपणच दाखवून दिलं होतं. हे कळलं तर व्हॉट्सअॅपवरचं बिननावाचं चूर्ण गिळताना मजा येणार नाही.

७. घरातली बाई

हिच्यासाठी वेगळ्या सूचना लागत नाहीत, घर आपोआप पाळतं. ती सासऱ्यांना गोळी देते, नवऱ्याच्या डब्यात ठेवते, दवाखान्यात सगळ्यांबरोबर येते आणि स्टुलावर कधीच बसत नाही. मी पट्टा पुढे केला की म्हणते, ‘माझं राहू द्या, ह्यांचं बघा.’ ह्यांचं १३० येतं. तिचं बळेच मोजलं तर १८८. ‘दगदग होते ना’ म्हणून ती हसते, आणि बाहेर रिक्षा थांबलेली असते.

८. तो दिवस

एका सकाळी तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, शब्द जड होतात. घाई करू नका. ‘वारं गेलं’ म्हणा. तोंडात पाणी घाला, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तळपायांना तेल चोळा, मामांना फोन लावा, कबुतराच्या रक्ताने मालिश करणारा कुठल्या गावी असतो ते विचारा, मग थोडं पडू द्या, उतरेल म्हणा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. सीटी स्कॅन तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जावं लागतं. मामा येईपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो. १०८ हा नंबर पाठ असेल तर विसरा.

शेवटची धोक्याची सूचना

सरकार तुमच्या वाईटावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी फुकट मोजतात आणि गोळ्याही फुकट देतात. बीपी आटोक्यात आणण्याचा केंद्राचा विशेष उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर आशाताईच्या यादीत तुमचं नाव असणारच. ती दारात आली की आतून सांगा, घरात कोणी नाही. तिला बसायला देऊ नका. एकदा बोलायला लागली की फार चांगलं समजावते.